निम्मं

मंगळवारी संध्याकाळी वेकफिल्डमध्ये
मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलात
आम्ही नऊ जण जमिनीवर उताणे पडून असतो,
नाटकातल्या प्रेतांसारखे,
फक्त मोजे रंगीबेरंगी.
मॉरीननं एकोणीस वर्षं बस चालवली,
कंबर गेली, मग ती हे शिकली.
म्हणते, उजवा खांदा उचला. जरासाच.
आता त्याच्या निम्मं.
आता त्याच्याही निम्मं.

निम्मं कर, असं मला
आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मी रात्रपाळीला हेडफोन लावून बसतो.
श्वास थांबलेल्या घरांतून लोक फोन करतात.
मी आधी पत्ता विचारतो,
मग मोजायला लावतो: एक, दोन, तीन, चार,
जोरात दाबा, थांबू नका.
जानेवारीत एका मुलानं
आईच्या छातीवर अकरा मिनिटं मोजलं माझ्याबरोबर.
त्याचा आवाज नुकताच फुटत होता.
मग दार वाजलं, माणसं आत आली, फोन बंद.
पुढचं आम्हाला कळवत नाहीत.

मी मोजतच राहिलो.
जिना चढताना. भांडी विसळताना.
कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे.

आपल्यात अंग चोरतात, अंग काढून घेतात.
चोरलेलं ठेवतात कुठे, ते कुणी विचारत नाही.
माझं सापडलं डाव्या मुठीत:
अंगठा आत, वर चार बोटांचं कुलूप.
मॉरीन शेजारी उकिडवी बसली. हात लावला नाही.
काय धरलंयस, लव्ह?
इथे पोस्टमनलासुद्धा लव्ह म्हणतात,
तरी मला क्षणभर बोलता आलं नाही.
काही नाही, म्हणालो.
उघडून पाहिलं तर खरंच काही नव्हतं,
नुसता पांढराफटक अंगठा,
पाण्यात फार वेळ राहिल्यासारखा.

हलव, म्हणाली. निम्मं.

पाठ टेकायला उसंत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.
इथे वीस मिनिटं उताणा होतो
आणि पाठ टेकलीच नव्हती,
लाकडाच्या वर बोटभर तरंगत होती.
मग एक मणका टेकला.
एकच, कंबरेच्या जरा वरचा.
बाकीचे अजून विचार करत होते.
रेडिएटर खडखडला. कुणीतरी घोरायला लागलं.
किती वेळ गेला माहीत नाही,
मी मोजला नव्हता.

दहाला ड्यूटी. दहा वाजून चार मिनिटांनी पहिला फोन.
मी पत्ता विचारला.
अंगठा टेबलावर मोकळा पडला होता,
निदान ती बाई
पिनकोड सांगेपर्यंत.