आयशा दोन

तिकीट तीनशे. ढग आले तर पैसे परत मिळणार नाहीत,
असं जेटीवरच्या पाटीवर, मावळतीच्याच रंगात.
आम्ही अकरा जण. माझ्या गळ्यात नारिंगी जाकीट,
त्याला कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास.
मी इचलकरंजीची. पाणी म्हणजे पंचगंगा,
तीही पुलावरून, एसटीच्या खिडकीतून.

निसार होडेकरनं सुकाणू पायानं धरलंय,
हातात चहाचा कागदी कप.
नाळेवर पांढऱ्या रंगात नाव: आयशा २.
‘एक कुठाय?’ मी विचारलं.
त्यानं हनुवटी बंदराकडं वळवली.
तिकडं बऱ्याच होड्या होत्या.

मग विजयदुर्ग सुरू झाला, डाव्या हाताला,
आणि संपेचना.
तटामागं तट, त्यामागं आणखी एक,
आणि खालच्या दगडांना शिंपले चिकटलेले,
जुन्या भांड्याच्या बुडाला चिकटावा तसा भात.
एका बुरुजाच्या फटीतून पिंपळ वाढलाय,
कुणी पेरला नाही, कुणी हटकला नाही.
निसार पाठ केलेलं सांगत होता:
वर तिथं साहेबाचे ओटे.
सूर्याला ग्रहण लागताना बघायला
विलायतेहून साहेब आला होता म्हणे, दुर्बिणी घेऊन.
म्हणजे लोक इथं पहिल्यापासून
सूर्य जातानाच बघायला येतात,
मी मनात म्हटलं.
शेजारच्या बाईंच्या नातवानं तेवढ्यात
चिवड्याची पिशवी उलटी केली, मागोमाग पोटही.

किल्ल्याला वळसा घातल्यावर
समुद्राचा आवाज बदलला.
खाडी बोलत होती, हा नुसता श्वास घेत होता.
‘ह्या पाण्याखाली भिंत आहे,’ निसार म्हणाला,
‘शत्रूची गलबतं आपटून फुटायची.’
मागच्या बाकावरचे एक गृहस्थ, चष्मा पुसत:
‘तसं सिद्ध झालेलं नाही. नैसर्गिक खडक असू शकतो.’
निसार पाठ केलेलं विसरला. घरच्या बोलीत म्हणाला:
‘आसा म्हणतत, नाय म्हणतत.
माझा जाळा मात्र थंयच फाटता.’

मग त्यानं इंजिन बंद केलं.
‘पाच मिनिटं. तिकिटात धरलीत.’

सूर्य आधी लांबट झाला,
मग खालून चपटा,
मग कुणीतरी बुडाशी कात्री लावल्यासारखा.
दहा मोबाइल वर गेले.
मी बघितलं निसारकडं.
तो सूर्याला पाठ करून बसला होता,
पाण्यात हात घालून,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा,
दाबून नाही, नुसता टेकवून.
ओहोटी लागलीय का ते बघत असेल.
मी विचारलं नाही.

बुडाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणास ठाऊक कुणासाठी.
इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं.

परतताना किल्ला दिसत नव्हता,
फक्त जिथं चांदण्या नव्हत्या तिथं तो होता.
‘अंधारात कळतं कसं?’
त्यानं दोन बोटं उभी धरली, एकामागं एक:
मशिदीचा हिरवा दिवा, बर्फाच्या कारखान्याची ट्यूब.
दोन्ही एका ओळीत आले की वळायचं.
‘आणि कारखान्याची लाईट गेली तर?’
‘तर मग थांबायचं. जाते तशी येतेपण.’

जेटी उंच, पाणी उतरलेलं.
त्यानं आम्हाला वाळूवरच उतरवलं, फळी टाकून.
‘सांभाळून. शेवाळ आहे.’
मोबाइलच्या उजेडात पाय बघत चालताना
एक पालथी होडी आडवी आली,
रंगाचे पोपडे, आणि त्याखाली, उलटं, अर्धं,
आ, य, आणि शाचा काना.
बुडाच्या फळ्यांत एक भगदाड,
कडा आत वळलेल्या.
माझा हात मनगटापर्यंत सहज गेला.
आत ऊब होती.
काहीतरी फडफडलं,
आणि अंधारातून एक कोंबडी
झोप मोडल्याच्या रागानं पुटपुटली.

मागं निसार पुढच्या दिवसाची तिकिटं मोजत होता.
चष्म्याचे गृहस्थ दोन पावलांवर होते.
त्यांना हाक मारावी असं वाटलं.
मग हात काढून घेतला,
बोटांना राख, पीस, आणि मीठ.