वरची बाजू

खोक्यावर बाण होते. चारही फळ्यांवर, लाल:
ही बाजू वर.
डार्विनपासून न्हावाशेव्यापर्यंत सगळ्यांनी ते पाळले,
कस्टमवाल्यानेसुद्धा.
खोकं उघडलं घोले रोडच्या दालनात, गुरुवारी दुपारी,
आणि आतल्या चित्राला वरची बाजूच नव्हती.

कोंडीबा मरगळे शिडीवर, तोंडात दोन खिळे.
खिळ्यांमधून विचारतो, बाई, डोकं कुठलं, पाय कुठला?
मी सूची चाळते. सूचीत लांबी-रुंदी आहे,
गेरू, पिवडी, हाडासारखा पांढरा आहे.
डोकं नाही.

विनिफ्रेड नांगाला खुर्चीत बसलेली,
एसी सोसत नाही म्हणून पायांत माझे लोकरी मोजे.
तिचं बोलणं भाचीच्या इंग्रजीत उतरतं,
तिथून माझ्याकडे,
पोचेपोचेतो निम्मं सांडलेलं.
पोचलं ते एवढं:
भुईवर अंथरून काढलंय, चारी अंगांनी बसून.
एकदा कुत्रं चालून गेलं त्यावरून.
वर काय असणार? वर आभाळ.

माझं काम चिठ्ठ्यांचं. प्रत्येक चित्राखाली मराठीत चार ओळी.
एका शब्दापाशी आठवडा गेला.
देश लिहिलं, खोडलं. देश म्हटलं की पासपोर्ट,
नाहीतर घाट, आणि घाटाखाली कोकण.
मुलूख लिहिलं, त्यात घोड्यांच्या टापा आल्या.
जमीन म्हटलं तर सातबारा.
कोंडीबा वरून म्हणाला, काळी न् पांढरी म्हणा की.
पिकते ती काळी. राहतो ती पांढरी.
आणि जिथे कुणी राहत नाही, काही पिकत नाही,
पण बोलावलं तर ओ देते, ती?
तो खिळा ठोकत राहिला.

शनिवारी उद्घाटन झालं. समई, कॉफी, काजूकतली.
अगदी वारलीसारखं, असं तिघं म्हणाले,
तीन वेगवेगळ्या चित्रांपुढे.
एकाने मोबाइलवर आपल्या हॉलची भिंत दाखवून
रंग जाईल का विचारलं.
एका निवृत्त प्राध्यापकांनी वर्तुळावर बोट रोखलं. हे काय?
पाण्याची जागा, भाची म्हणाली.
आणि तिच्याखाली?
विनिफ्रेड त्यांच्याकडे बघत राहिली. बराच वेळ.
थोडं दाखवलंय, भाचीने सांगितलं,
बाकीच्यावर ठिपके टाकलेत.
प्राध्यापकांनी वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं असेल.

पण ते शनिवारचं. मला सांगायचंय ते गुरुवारचंच.
चित्र शेवटी आडवं लागलं. विनिफ्रेडने हाताने दाखवलं,
पाणी येतं ती बाजू खिडकीकडे.
मग कोंडीबाला विचारलं, तुझं पाणी कुठलं?
दोन भाषा ओलांडून प्रश्न शिडी चढला.
तो हसला. कोपऱ्यातल्या कूलरकडे हात केला.
ते काय.
मला वाटलं, तहान लागली म्हणतोय.
वरसगावच्या धरणात आमची वाडी, तो म्हणाला.
मी सात वर्षांचा. तवापासून पुणं पितंय.
आणि शिडीवर उभ्या उभ्याच नावं घेतली:
आंब्याची खाच, हेकळीचं टेप, थोरला सडा,
आजा मेंढरं धुवायचा तो डोह.
डोहाला नाव होतं. ते नाही सांगितलं.

मी इंग्रजी करायला लागले. खाच म्हणजे?
अडले.
विनिफ्रेड उठली. मोज्यांनिशीच कूलरपाशी गेली,
कागदी पेला अर्धा भरला, आणि प्यायली नाही लगेच.
पाण्याला काहीतरी सांगितलं, हळू आवाजात,
नवख्याने दारात थांबून आपलं गाव सांगावं तसं.
भाचीने त्याचं इंग्रजी केलं नाही.
मीही मागितलं नाही.
मग ती प्यायली. कोंडीबाने दुसरा खिळा तोंडातून काढला.

चिठ्ठी क्रमांक नऊ तशीच लागली,
मधल्या एका शब्दाची जागा मोकळी.
छापखान्याची चूक आहे, असं
दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.