रुमालाखालचे आकडे

कळमन्याच्या मिरची शेडमध्ये मी बसते
तिसऱ्या खिडकीत, कूलरच्या पाठीशी,
नाक पुसत पुसत भाव टाईप करते.
मार्चमध्ये इथे रडायला कारण लागत नाही.

समोर पडदा. पडद्यावर ढिगाचा नंबर,
नंबरासमोर आकडा, आधी लाल, मग हिरवा.
भिवापुरी, तेजा, फटकी.
कुणी इंदूरहून, कुणी गुंटूरहून अंगठा हलवतो
आणि पोतं इथल्या इथे मालक बदलतं.
कोणी ओरडत नाही. फक्त खोकतात.

नथ्थूजी गिऱ्हेपुंजे अजून येतात,
खांद्यावर चौकड्यांचा दुपट्टा.
चाळीस वर्षांत त्या दुपट्ट्याखाली किती भाव ठरले
ते कुठल्याच वहीत नाही.
दोघांचे हात आत जायचे.
बाहेर बोलणं पोरीच्या सोयरिकीचं,
उमरेड रोडच्या खड्ड्यांचं,
आणि आत बोटं बोटांना दाबायची:
एक बोट, दोन बोटं, पूर्ण पंजा म्हणजे पाच,
मनगट दाबलं की शून्य.
शेजारच्याला नुसतं कापड हललेलं दिसायचं.

"तवा भाव कानाले नाई समजे, पोरी,
कातडीले समजे."
मी म्हटलं, म्हणून तर ज्याची मिरची
त्यालाच कळायचा नाही.
ते हसले नाहीत. बशीतला चहा संपवला.
"हाव," म्हणाले, "तेही खरं हाय."

या वर्षीपासून आडत्याच्या फोनवर सहा आकडे येतात.
ते त्यांनी मला सांगायचे, मी टाकायचे,
मग पैसे सुटतात.
रांगेत सगळे मोठ्यानं सांगतात,
चार, सात, सात, शून्य, दोन, नऊ,
मागचा ऐकतो, पुढचा ऐकतो,
पत्र्याखालची कबुतरं ऐकतात.

नथ्थूजींचा नंबर आला.
चष्मा कपाळावरून खाली.
अक्षर लावून लावून मेसेज वाचला,
आकड्यांपाशी थांबले नाहीत, पुढे गेले:
हा क्रमांक कोणालाही सांगू नका.

"पाय बरं,
हेच तं माह्या बापानं सांगतलं होतं."

दुपट्टा काढून खिडकीच्या कट्ट्यावर पसरला.
"हात दे."
मागून कुणीतरी, काऊन बे, काय चालू हाय?
ढोमणे साहेब जेवायला गेले होते.
मी हात दिला.

तळव्यात मिरचीची जुनी आग,
साबणानं न जाणारी.
एक बोट. तीन. मनगट. मग काहीतरी,
मला पंजा आणि दोन वाटले, म्हणजे सात.
टाकलं. लाल पट्टी.
पुन्हा हात आत. पुन्हा लाल.
तिसऱ्यांदा चुकलं की खातं दिवसभर बंद.

रांगेतला पोरगा म्हणाला,
आबाजी, तोंडानं बोला ना.
नथ्थूजी त्याच्याकडे वळून उन्हाचं बोलू लागले:
यंदा मार्चातच एक्केचाळीस,
तुमच्याकडं कूलर काढले का,
खस कुठून आणता, इतवारीतून का महालातून.
पोरगा उत्तरं देत गेला,
आणि कापडाखाली, सावकाश,
पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घ्यावं तसं
ते माझी बोटं मोजत होते.

आठ होता तो.
पंजा आणि तीन.

हिरवं झालं.
त्यांनी दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला,
पावती घडी करून टोपीत खोचली.

रात्री दारात पार्सलवाला.
हेल्मेटमधून म्हणाला, कोड सांगा मॅडम.
दोन, पाच, एक, म्हणाले मी,
आणि पाठीमागे
माझ्याच हातानं माझं मनगट दाबलं.
"मॅडम? शेवटचा?"