भाजक

दर म्हणजे एक भागाकार.
वर पैसे, खाली वायू.
दहेजकडून डोंगर पोखरत आलेला पोलादी पाईप,
त्याचे कॉम्प्रेसर, कर्जावरचं व्याज, पंचवीस वर्षांचा घसारा,
भागधारकांचा रास्त परतावा
हे झालं भाज्य. ते मी तीन महिने जमवलं,
पावत्यांसकट, सनदी लेखापालाच्या शिक्क्यासकट.
भाजक मात्र एका संध्याकाळीच धरला.

‘धरला’ हाच शब्द आहे आमच्यात,
शाळेत क्ष धरायचो तसा.
पुढची पाच वर्षं या नळीतून किती वायू वाहील
ते कुणाला ठाऊक असतं?
वाकडेवाडीच्या चौथ्या मजल्यावर, एसी बंद झाल्यावर,
धायरीकर साहेब म्हणाले, थोडा कमीच धर, विद्याधर.
भाजक लहान की दर मोठा.
चौथीतल्या पोरालाही कळतं हे,
म्हणून तर अर्जात ते एकशे बाराव्या पानावर असतं.

दिल्लीच्या मंडळानं हरकती मागवल्या. मुदत एकवीस दिवस.
खताच्या कारखान्याची आली, वकिलाच्या लेटरहेडवर.
भोसरीच्या फाउंड्रीवाल्यांची आली, सामायिक सह्यांची.
सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी
दराबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं,
फक्त पान चाळीसवरच्या बेरजेत दोन पैशांची चूक दाखवली होती.
(चूक होती.)
आणि एक वहीच्या फाडलेल्या पानावर:
नीलोफर अत्तार, बेकरी, भवानी पेठ.

सुनावणी पडद्यावर झाली. पाच खुर्च्या, एक रिकामी.
आमचे वकील दीड तास बोलले.
मग एका चौकोनात ती आली, ओठ हलताना दिसले.
बाई, आवाज येत नाही.
मग आला. मागे कुणीतरी ट्रे आपटत होतं.

“साहेब, लाकूड बंद करा म्हणाले, केलं.
आजोबांची भट्टी फोडली, तुमची नळी घेतली.
आता तुमचा कागद म्हणतो, गिऱ्हाईक घटणार म्हणून दर वाढणार.
म्हणजे जे जातील त्यांचं बिल, जे राहतील त्यांनी भरायचं?
आणि घटलंच नाही तर?
रोज अडीच हजार पाव भाजीन असं धरून मी भाव लावला
आणि भाजले चार हजार,
तर वरच्या दीड हजाराचे पैसे कुणाचे?”

अध्यक्षांनी चष्मा काढला.
हिंदीत विचारलं, ही संख्या धरली कुणी?
धायरीकरांनी पाण्याची बाटली उघडली.
वकील म्हणाले, सखोल अभ्यासाअंती.
मी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होतो.
बावीस वर्षं भाजक लिहितोय,
त्या शब्दात भट्टी आहे
हे तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

आदेश अकरा महिन्यांनी आला, मंगळवारी, त्र्याऐंशी पानी.
परिच्छेद अठ्ठावन्न: अर्जदारानं धरलेली संख्या मंडळास पटत नाही.
त्यांनी नवी धरली.
तीही धरलेलीच.
दर सत्तेचाळीस पैशांनी उतरला.

पावाचा भाव उतरला नाही, मैदा चढला होता.
मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो.
तिनं मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं.
पाव किलो खारी तोलली, वर एक जास्तीची टाकली.
नको म्हणालो. का, ते सांगता आलं नाही.

कोथरूडला सोसायटीत शिरताना सवयीनं वर पाहिलं.
बारा फ्लॅट, बारा मीटर, नळी प्रत्येक ओट्यापर्यंत.
मुलं मेलबर्नला, ह्यूस्टनला; मागोमाग म्हातारी माणसंही
कुलपं लावून गेली.
त्यांचे आकडे वर्षभर हललेले नाहीत.
पाईपला मात्र दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो,
तो उरलेल्यांनी.

उजेडातली स्वयंपाकघरं मोजली. पाच.
थांबा, सहा.
तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी
दूध तापवायला घेतलं.