धोट्याचा ध

"म्याकल. नाही हो, माकल नाही. म ला य जोडा."
दिवसातून वीसदा मी फोनवर माझं आडनाव उसवते
आणि पलीकडच्याकडून शिवून घेते.
अक्कलकोट रोड, टॉवेलचं युनिट,
पत्र्यापलीकडे चोवीस माग,
अलीकडे मी, बिलबुक आणि काळा फोन.

इंदूरचा ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, डी फॉर दिल्ली.
मी म्हणते, बी फॉर बिडी.
हसतो. हसू दे.
आई रोज हजार बिड्या वळायची,
दिल्ली मी पाहिलेली नाही.

एकदा बीडची गाठोडी भिंडला गेली.
बावीस दिवसांनी परत आली, भिजून.
तेव्हापासून मालकसुद्धा फोनवर ओरडतात,
"भ नाही, भाकरीचा भ नाही! बिडीचा ब!"
श शेंगेचा. ण बाणाचा.
ष ला वस्तू लागत नाही,
पोटफोड्या म्हटलं की कोणीही ओळखतं.

नायनांनी बत्तीस वर्षं माग चालवला.
कानांतून आधी स गेला,
मग फ, मग त, कधी ते कळलंही नाही.
आता त्यांच्यापर्यंत पोचतात ते नुसते स्वर,
ताणा उभा आहे, बाण्याचं सूत निघून गेलेलं.
भात म्हटलं
की हात धुवायला उठतात.

रविवारी भिवंडीहून नागेशचा फोन:
मुलीचं नाव ठरलं. धृती.
"श्रुती?"
नाही, नायना.
"कृती?"
ध! धनुष्याचा ध!
शाळेतल्या तक्त्यावर होता तसा सांगितला मी.
ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.
तिसरीपर्यंतची त्यांची शाळा, तीही तेलुगूत,
धनुष्य कुठल्या भिंतीवर असणार?

मग म्हटलं, धोट्याचा ध.

त्यांचा उजवा हात
मांडीवरून सरकन डावीकडे गेला, परत आला.
"मग आधीच सांगायचं की."
फोन माझ्या हातातून घेतला
आणि ज्यानं नाव ठेवलं त्यालाच समजावू लागले,
"ऐक बे नागेश, नीट लिहून घे,
धोट्याचा ध..."

पुढं थांबले. माझ्याकडे बघितलं.
ध च्या पायातलं ते वळण
कशाचं म्हणून सांगावं,
ऋषी तर आमच्या गल्लीत कोणी नाही,
मी अजून शोधतेय.