नाडी

पेला विसळताना हातातच फुटला.
रक्त थांबलं, टाके गावातच पडले,
पण मूठ मिटली तर बाकीची बोटं घरी आली
आणि तर्जनी बाहेरच उभी.

मग ती रोखलेलीच राहिली.
चहा देताना सासूवर,
दिवा लावताना पद्मावतीवर,
माल तोलताना शेठच्या काट्यावर.
"वैनी, माझ्याकडं बोट कशाला?"
"मुद्दाम न्हाई ओ," मी म्हटलं.
वजन त्या दिवशी बरोबर निघालं.

अकराव्या दिवशी हुपरीहून कोल्हापूर, एसटीनं,
हात पदरात.
डॉक्टर इंगवले बाई म्हणाल्या, कातडी शिवलीय,
आतली दोरी तशीच तुटलेली, वरचं टोक तळव्यात सरकलंय.
"म्हणजे परकराची नाडी आत गेल्यागत?"
हसल्या. "तस्संच. आता ओढून काढायची."

दंड बधिर. हिरव्या पडद्यापलीकडे
माझ्याच तळव्यात कुणीतरी माझा तुकडा शोधत होतं.
"बघायचीय?" म्हणाल्या.
पांढरी, ओली,
आंबट पाण्यातून नुकत्या उजळून काढलेल्या चांदीसारखी.
वीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडल्या हिच्या जिवावर
आणि ओळख आज.

नखाला हूक चिकटवला, हुकाला रबर, रबर मनगटाला.
नाझनीन मोमीन, माझ्या लेकीच्या वयाची, दटावते:
"सरळ तुम्ही करायचं. वाकवायचं ते रबर वाकवंल.
जोर लावलासा तर तुटंल."
तासाला दहा वेळा. सहा आठवडे.
दूध उतू जाताना नुसतं बघायला शिकले.
धाकटा पायरीवरून घसरला, हात पुढे गेला,
डावा.
देवा, डावाच गेला.

आता ती पट्टीनं मोजते, टोक ते तळवा.
चार सेंटिमीटर. अडीच. श्रावण सरला, दीड.
मग आकडा हलेना.
"आत चिकटलंय जरा. एवढं राहील बहुतेक."
एवढं म्हणजे चिंचोक्याएवढं.

चिमटा धरता येतो. कडी बसते, उशिरा बसते.
पूर्वी मुठीत घुंगरू दाबलं की गप व्हायचं,
आता त्या चिंचोक्याएवढ्या जागेत
वाजत राहतं.

काल माल घेऊन गेले शेठकडं.
बोट वाकलेलं, पिशवीच्या बंदाभोवती.
म्हणून तोंडानंच विचारलं,
"काटा शून्यावर आणलासा का?"