कूलरची पिन

जालन्यात मे महिन्यात
कूलर आणि बॅकअपची डिस्क
यांना एकच बोर्ड पुरत नाही.
कुणीतरी एक पिन काढली, दुसरी लावली.
मी त्याला दोष देत नाही. त्रेचाळीस होतं त्या दिवशी,
आणि गार हवा साऱ्या लॅबलाच लागत होती.

रात्री अकराला माझी स्क्रिप्ट उठली, ठरल्यासारखी.
सहा ओळींची. मीच लिहिलेली, एका दुपारी, डबा खाता खाता.
पहिली ओळ म्हणाली, डिस्कवरच्या जुन्या फोल्डरात जा.
डिस्क नव्हती. मशीननं तसं सांगितलंही,
काळ्या खिडकीत, एका ओळीत.
वाचायला खोलीत कुणी नव्हतं.
दुसरी ओळ म्हणाली, इथलं सगळं पुसून टाक.
इथलं म्हणजे कुठलं, हे तिनं विचारलं नाही.
आज्ञा विचारत नसते.
विचारायचं काम माझं होतं.

तीन हंगामांची उगवण चाचणी गेली,
लॉटवार, ट्रेवार, टक्क्यांसकट.
सकाळी फोल्डर उघडलं तर
वखर फिरवल्यासारखं साफ.

मुंजाजीकाका काही बोलले नाहीत.
कपाटातून रजिस्टरं काढली, लाल पुठ्ठ्याची,
टेबलावर ठेवली, धूळ बाहीनं पुसली.
"घे. टाइप कर. मी वाचतो."
अकरा संध्याकाळी वाचत राहिले,
"शंभरातले एक्याण्णव. दोन वाकडे. सात गेलेले."
मेलेल्या बीला ते गेलेलं म्हणतात
आणि लिहितात मात्र
उगवलेल्याइतक्याच ठसठशीत अक्षरात.

मधे चहा यायचा, तेव्हा मी त्यांचं काम बघायची.
ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या,
मोजायच्या, मग उलट्या बाजूनं परत मोजायच्या.
एक चिठ्ठी पिशवीच्या बाहेर,
तीच चिठ्ठी पिशवीच्या आत.
"काका, दोन-दोन चिठ्ठ्या काहून?"
"भायेरची उंदरानं खाल्ली मंग काय करशील, माय?"

नवी स्क्रिप्ट सत्तर ओळींची झाली.
काम अजूनही सहाच ओळींत होतं.
उरलेल्या चौसष्ट
नको तेव्हा काम होऊ नये म्हणून.
आधी दार आहे का बघ. नसेल तर उंबऱ्यावरूनच माघारी फिर.
नावाभोवती अवतरणचिन्हं घाल,
कारण गोविंदलालशेठ 'कपाशी नवीन' असं मोकळं लिहितात
आणि मशीनला त्यात दोन नावं दिसतात.
पुसण्याआधी यादी दाखव. नुसती दाखव.
मधेच लाइट गेली, आणि ती जातेच,
तर उद्या पुन्हा चालवता आलं पाहिजे,
झालेलं दुसऱ्यांदा होऊ नये, राहिलेलं राहू नये.
आणि पावलापावलाची चिठ्ठी,
एक या मशीनवर, एक त्या.

पहिल्यांदा नीट चालली तेव्हा काकांना बोलावलं.
"बघा, शून्य परत दिलं."
त्यांचा चेहरा पडला.
"शून्य? म्हंजे एकबी उगवलं नाही?"
मला समजावता येईना. शून्य म्हणजे सगळं ठीक, म्हटलं.
"आन बिघडलं की?"
"एक. दोन. काहीही."
"उलटंच हाय तुमचं," म्हणाले,
पण रजिस्टरात नवा रकाना आखला, पट्टी लावून.

महिनाभर शून्यंच शून्यं.
मग एका मंगळवारी कूलर पुन्हा त्या बोर्डावर गेला.
स्क्रिप्ट अकराला उठली, दार बघितलं,
चौथ्या ओळीवर थांबली
आणि एक लिहून झोपी गेली.
सकाळी फोल्डर जसंच्या तसं.
"किती गेले?" काकांनी चष्मा चढवत विचारलं.
"एकबी नाही."
त्यांनी पेनचं टोपण काढलं
आणि त्या रात्रीच्या रकान्यात
एक लिहिला,
ठसठशीत.